मैंदर्गीत नवे यंत्र विकायचे तर

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातले नगरपरिषदेचे छोटे गाव. अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी अशा तीन नगरपरिषदा या एकाच तालुक्यात आहेत, आणि थोडे पलीकडे गेले की कर्नाटकातला कलबुर्गी जिल्हा लागतो. इथे घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही चालतात. लोकवस्ती दहा ते पंधरा हजारांच्या दरम्यान. मुंबई-पुण्यातल्या कंपनीच्या विक्री-तक्त्यात असे गाव ‘सोलापूर’ या एका ओळीत विरून जाते. तरीही घरात वापरायचे एखादे नवे यंत्र बाजारात कसे उतरवावे, हे शिकायला मैंदर्गी चांगले ठिकाण आहे. पुण्यात गिऱ्हाइकांची संख्याच इतकी मोठी असते की चुकीचा मार्ग निवडला तरी वर्षभर काहीतरी विकले जाते आणि चूक झाकली जाते. मैंदर्गीत पहिली दहा यंत्रे कोणी घेतली आणि त्यांचे पुढे काय झाले, हे सगळ्या बाजाराला ठाऊक असते.

नव्या यंत्राचा बाजारप्रवेश म्हटले की जाहिरात, किंमत आणि डीलर एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. हे सगळे नंतरचे. आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिला ग्राहक कोण, आणि यंत्र बिघडले तर तो कोणाच्या दारात जाणार. या दोन उत्तरांवरून किंमत, जाहिरात, माल ठेवण्याची जागा, सगळे ठरत जाते. हे समजण्यासाठी एकच यंत्र धरून चालू या. ते म्हणजे विजेवर आणि बॅटरीवर चालणारी छोटी थंड पेटी. ही निवड करण्याचे कारण असे, की या यंत्राचा खरा इतिहास मैंदर्गीच्या उत्तरेला, शेजारच्याच जिल्ह्यात घडलेला आहे.

धाराशिवचा धडा

गोदरेज अँड बॉईस ही विक्रोळीची कंपनी १९५८ पासून फ्रिज बनवते. इतकी वर्षे बनवूनही या शतकाच्या पहिल्या दशकात देशातल्या दर पाच घरांपैकी साधारण चारांत फ्रिज नव्हता. कारणे उघड होती. फ्रिज महाग, घर लहान, वीज बेभरवशाची. त्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. या घरांसाठी गोदरेजने एक पेटी तयार केली आणि तिला ‘छोटूकूल’ असे नाव दिले. २००८ मध्ये उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सहाशेहून जास्त बायकांना एकत्र बोलावून नमुने दाखवले, त्यांचे म्हणणे ऐकले. रंग लाल हवा, हेही तिथेच ठरले.

पेटीत कॉम्प्रेसर नव्हता. त्या जागी थर्मोइलेक्ट्रिक चकती होती. या चकतीतून वीज वाहिली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी तापते, आणि तापलेल्या बाजूची उष्णता छोटा पंखा बाहेर टाकतो. झाकण वरून उघडणारे. थंड हवा जड असते, ती खाली बसते, त्यामुळे झाकण उघडले तरी फारशी सांडत नाही. पेटी ४३ लिटरची, वजन आठ किलोंच्या आत, म्हणजे एका बाईला उचलून घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेता येईल एवढे. १२ व्होल्टच्या बॅटरीवरही ती चाले. किंमत सुमारे ३,२५० रुपये. विचार नीट केलेला होता, आणि तो करणारी माणसे कामाशी प्रामाणिक होती.

विक्रीचा मार्गही त्यांनी वेगळा निवडला. नेहमीची डीलर-साखळी टाळून गावोगावच्या स्त्रियांच्या गटांमार्फत आणि पुढे टपाल कार्यालयांतून पेटी पोहोचवायचे ठरले. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतली दहांपैकी नऊ खेड्यांत आहेत. टपालाची माणसे गावात ओळखीची असतात, त्यांच्यावर विश्वास असतो. कागदावर यापेक्षा चांगली साखळी सापडणे कठीण.

पण ज्या घरांसाठी पेटी केली होती, त्या घरांनी ती अपेक्षेइतकी उचलली नाही. कंपनीने हळूहळू रोख बदलला. छोटे दुकानदार आणि पुढे शहरातली, गाडीत पेटी सोबत नेणारी कुटुंबे हे तिचे ग्राहक झाले. अनेक जण या कथेला अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. यंत्राने आपला ग्राहक शोधला, फक्त तो कंपनीने आधी मनात धरलेला नव्हता. शोधायला वर्षे लागली आणि पैसे लागले, एवढे खरे. छोट्या उद्योजकाकडे तेवढी वर्षे नसतात, म्हणून हा शोध त्याने आधी कागदावर घ्यावा. तो कसा घ्यायचा ते पाहू.

पेटी काय करू शकते, तिथून सुरुवात

थर्मोइलेक्ट्रिक पेटीचा एक स्वभाव आहे. ती बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच थंड होते. घरगुती पेट्यांत हा फरक साधारण वीस अंशांचा असतो. कॉम्प्रेसरच्या फ्रिजला बाहेर कितीही ऊन असले तरी आत चार-पाच अंश राखता येतात; हिला ते जमत नाही.

आता हे मैंदर्गीला लावा. एप्रिल-मेमध्ये सोलापूर जिल्ह्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. बाहेर ४२ अंश असतील तर पेटीत २२. या तापमानात दुपारभर ठेवलेले दूध टिकत नाही. म्हणजे ‘गृहिणीचे दूध वाचवणारी पेटी’ ही जाहिरात, जेव्हा दूध सर्वांत जास्त नासते त्याच महिन्यांत खोटी ठरते. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्यांना दोन ते आठ अंश लागतात. त्यासाठी ही पेटी आहे असे कोणी सांगत असेल तर तो लोकांच्या जिवाशी खेळ आहे, आणि हे विक्रेत्याला पहिल्याच दिवशी बजावून सांगितले पाहिजे.

मग थंड पाणी? इथे पेटीची गाठ जुन्या प्रतिस्पर्ध्याशी पडते, तो म्हणजे माठ. सोलापूरचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत माठाच्या अंगावरचे पाणी झपाट्याने उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. चांगला माठ भर उन्हाळ्यात पाणी बावीस-तेवीस अंशांच्या आसपास आणू शकतो, म्हणजे आपल्या पेटीएवढेच, तेही विजेशिवाय आणि पेटीच्या किमतीच्या अगदी लहानशा भागात. पाण्यासाठी पेटी घ्या असे मैंदर्गीत सांगणाऱ्याला लोक आदराने ऐकून घेतील आणि माठातले पाणी पाजून परत पाठवतील.

मात्र माठात ठेवता न येणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. किराणा दुकानातली चॉकलेटे तिशीच्या पुढे मऊ पडू लागतात. त्यांना २२ अंश पुरेसे आहेत. गजरे, हार, सुटी फुले. विरजण, भाजी, कोथिंबीर. शिवाय रात्रीचा हिशोब दिवसापेक्षा वेगळा आहे. रात्री बाहेर २७ अंश असतील तर पेटीत सात. संध्याकाळी तापवून गार केलेले दूध सकाळच्या चहापर्यंत नीट राहील. पावसाळ्यात दमट हवेमुळे माठ नीट काम देत नाही, त्या वेळी पेटीचे काम सुधारते. यंत्राचा हा स्वभाव समजला की ग्राहकांची यादी आपोआप आखडते, आणि यादी आखडणे हीच या टप्प्यावरची प्रगती आहे.

आता उरलेल्या नावांपुढे पैशांची आकडेमोड करायची. पेटीची किंमत समजा ५,००० रुपये धरली आणि ती ६० वॅट वीज घेते असे मानले. चकतीची पेटी दिवसरात्र चालू ठेवावी लागते. ६० वॅटने चोवीस तासांत १.४४ युनिट होतात. युनिटला आठ रुपये धरले तर रोजचा खर्च साडेअकरा रुपये.

मैंदर्गीतला एक किराणा दुकानदार घ्या. उन्हाळ्यात तो चॉकलेटे ठेवायचे बंद करतो, त्यामुळे समजा रोज २५ रुपयांचा नफा बुडतो. पेटी आली तर तो नफा वाचेल, पण वीज वजा जाता हातात साडेतेरा रुपये उरतील. उन्हाळ्याच्या नव्वद दिवसांचे सुमारे १,२०० रुपये. पेटीचे पैसे फिटायला चार उन्हाळे लागतील. शहाणा दुकानदार हे घेणार नाही, आणि त्याने घेऊ नये.

आता अक्कलकोटची गल्ली घ्या. स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराकडे वर्षभर भाविक येतात. चैत्र वद्य त्रयोदशीच्या पुण्यतिथीला तर गर्दी मावत नाही. तिथल्या हारवाल्याचा संध्याकाळी उरलेला माल समजा ६० रुपयांचा आहे आणि पेटीमुळे तो दुसऱ्या सकाळी विकता येतो. वीज वजा जाता रोज ४८ रुपये. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर १४,४०० रुपये. पेटीची किंमत साधारण चार महिन्यांत फिटते. गल्लीत विजेची जोडणी नसेल तर १२ व्होल्टची बॅटरी हवी. ६० वॅट म्हणजे पाच अँपिअर, दहा तासांना ५० अँपिअर-तास. म्हणजे मोटारीत असते तेवढी बॅटरी आणि तिचा वेगळा खर्च. तो धरूनही हिशोब बसतो.

इथे एक गोष्ट ठळकपणे समोर येते, आणि ती नवख्या उद्योजकाला आवडत नाही. मैंदर्गीसाठी म्हणून केलेल्या यंत्राचा पहिला ग्राहक बहुधा मैंदर्गीत नाही, पंधरा-वीस किलोमीटरवरच्या अक्कलकोटात आहे. मैंदर्गीची घरे दुसऱ्या फेरीत येतील, जेव्हा देवाला गेलेल्या माणसाने हारवाल्याकडे पेटी चालू असलेली पाहिली असेल. गरजू माणूस आणि पहिला ग्राहक हे दोन वेगळे असू शकतात. गरजूपर्यंत पोहोचायचेच असेल, तर ज्याचा हिशोब आज बसतो त्याच्यापासून सुरुवात करावी लागते.

कोणाच्या हातून

आता दुसरा प्रश्न. यंत्र कोणाच्या हातून द्यायचे?

डीलर-साखळी हा पहिला मार्ग. सोलापूरचा वितरक, त्याच्याखाली अक्कलकोटचे इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिकचे दुकान, त्याच्याखाली मैंदर्गीचे. माल पोहोचतो, उधारी दुकानदार सांभाळतो, ग्राहक ओळखीचा असतो. अडचण अशी की दुकानदाराच्या फळीवर आधीच पंखे, मिक्सर, टीव्ही आहेत, जे न बोलता विकले जातात. नव्या पेटीसाठी दर गिऱ्हाइकामागे वीस मिनिटे बोलावे लागते. तेवढे बोलणे परवडेल असे मार्जिन नसेल, तर पेटी काचेमागे धूळ खाईल आणि कंपनीला वाटेल की लोकांना ती नको आहे.

ऑनलाइन हा दुसरा मार्ग. पिनकोड टाकला की माल मैंदर्गीत येतो, हे आता खरे आहे. ज्या वस्तूचा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यासाठी हा उत्तम. जी वस्तू समजावून द्यावी लागते, जिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची नाही हेही सांगावे लागते, तिच्यासाठी हा मार्ग पहिल्या वर्षी घातक आहे. पेटीत दूध नासले की माणूस एक तारा देतो, आणि तो एक तारा कायमचा चिकटतो.

तिसरा मार्ग स्त्रियांच्या गटांचा. लातूर-उस्मानाबादकडे १९९३ च्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने उभे केलेले जाळे या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. गावातलीच एक बाई नवी वस्तू आधी स्वतः वापरते, मग शेजारणीला दाखवते. याच जाळ्याने २००६ पासून बीपी कंपनीची ‘ऊर्जा’ ही धूर कमी करणारी चूल घरोघरी नेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेले तंत्र, शेतातल्या टाकाऊ मालाच्या गोळ्या हे इंधन, आत छोटा पंखा. देशभर अशा चार लाखांहून अधिक चुली गेल्या. खेड्यात नवे यंत्र विकले जात नाही असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण चूल फक्त त्या गोळ्यांवर चाले, आणि कच्चा माल महागला तशा गोळ्याही महागल्या. ज्या घरात सरपण फुकट मिळते तिथे गोळ्या विकत घेणे थांबले आणि चुली कोपऱ्यात गेल्या. २००९ मध्ये बीपीने हा धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जीला दिला, आणि त्यांनी पुढे घरांऐवजी हॉटेले-खानावळींकडे मोर्चा वळवला. विक्रीचे जाळे उत्तम होते; घसरगुंडी विक्रीनंतरच्या पुरवठ्यात झाली. ज्या यंत्राला दर महिन्याला काहीतरी लागते, त्याचा प्रवेश त्या ‘काहीतरी’च्या भावावर टिकतो.

मैंदर्गीत बचत गटांच्या मार्गाने जाणाऱ्याने एक बारकावा आधीच पाहावा. ‘उमेद’ हे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान ग्रामपंचायतींच्या हद्दीत काम करते. मैंदर्गी नगरपरिषद असल्यामुळे इथले गट शहरी योजनांखाली येतात, आणि वेशीबाहेरच्या खेड्यांतले ‘उमेद’खाली. म्हणजे दोन वेगळ्या कचेऱ्या आणि दोन वेगळे अधिकारी. एका बैठकीत सगळा परिसर उरकेल असे धरून आलेला माणूस इथे महिनाभर अडकतो.

या सगळ्यांपेक्षा जुना एक मार्ग आपल्याच सीमाभागात आहे. बेळगावात १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. सायकल तेव्हा सर्वस्वी नवी वस्तू होती. तिची विक्री करणारे किर्लोस्कर ती चालवायलाही शिकवत, कारण न शिकवता ती कोण घेणार? पुढे १९०३ च्या सुमारास त्या बंधूंपैकी लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी शेतकऱ्यांची भीती होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. किर्लोस्करवाडी उभी राहिली १९१० मध्ये, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. त्याचा पहिला हेतू ग्राहकांशी बोलत राहणे हाच होता. यंत्र शिकवणे, भीतीला उत्तर देणे आणि विकून झाल्यावरही बोलत राहणे, ही कामे त्यांनी दुसऱ्या कोणावर सोपवली नाहीत.

माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी यंत्र द्यावे ते दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून. मैंदर्गी-अक्कलकोटात पंखे गुंडाळणारा, मोटर भरणारा, मोबाईल उघडणारा कारागीर असतोच. अशा एका-दोघांना थर्मोइलेक्ट्रिक चकती बदलणे, पंखा साफ करणे, अडॅप्टर तपासणे शिकवावे. चकतीच्या पेटीत फिरणारा भाग पंखा एवढाच, त्यामुळे हे शिकणे अवघड नाही. त्याच्याकडे सुटे भाग ठेवावेत, आणि विक्रीवरचे कमिशनही त्यालाच द्यावे. ज्याने विकले त्याच्याच दारात दुरुस्ती असेल, तर तो चुकीच्या गिऱ्हाइकाला पेटी देणार नाही. कारण उद्या तक्रार घेऊन ते गिऱ्हाईक त्याच्याच बाकावर बसणार आहे. मोठ्या साखळीत विक्रेता आणि दुरुस्त करणारा वेगळे असतात, आणि चुकीची आश्वासने नेमक्या त्या फटीतून बाहेर पडतात.

पैसे कसे घ्यायचे

किमतीची चर्चा इथे येते, कारण आता ती कोणासाठी आणि कोणाच्या हातून, हे माहीत आहे. फ्रिजवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्के झाला. आपली पेटी त्या दरात धरली तर ५,००० रुपयांच्या एमआरपीत करापूर्वीची रक्कम ४,२३७ रुपये. त्यातून विक्रेत्या-कारागिराला समजा १२ टक्के, म्हणजे ५०८. सोलापूरहून माल आणणाऱ्याला ५ टक्के, २१२. वाहतूक आणि फूटतूट १५०. आणि एका वर्षाच्या वॉरंटीसाठी बाजूला काढलेले २००, ज्याला हात लावायचा नाही. उरले ३,१६७. यात पेटी बनवणे, कारखान्याचा खर्च आणि नफा बसला पाहिजे. बसत नसेल तर किंमत वाढवावी किंवा थांबावे. वॉरंटीचे २०० रुपये कापून हिशोब बसवणारे पुष्कळ असतात, आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर ते गावात तोंड दाखवत नाहीत.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर ५,००० ही रक्कम आणि ५,००० देण्याची रीत या निराळ्या गोष्टी आहेत. बंगळूरच्या सेल्को कंपनीचे हरीश हंडे १९९५ पासून सौर दिवे विकत आले आहेत, आणि त्यांच्या कामाचा गाभा ग्रामीण बँकांशी जोडून दिलेले कर्ज हाच आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्याला महिन्याला तीनशे रुपये जड जातात, पण रोजचे दहा रुपये जात नाहीत, हे त्यांना विक्रेत्यांकडूनच उमगले. हारवाल्याची कमाई रोजची असते, मग हप्ताही रोजचा हवा. अक्कलकोटातल्या पतसंस्थांची पिग्मी रोजच गोळा होते; तिच्याशी पेटीचे कर्ज जोडले तर नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. शेतकऱ्याच्या घरी मात्र उलट. तिथे तुरीचे पैसे येतील तेव्हा एकरकमी रोख मिळते, आणि महिन्याचा हप्ता जाचक होतो.

अनामतीचाही एक मार्ग आहे. २०१७ मध्ये जिओफोन आला तेव्हा फोनची वेगळी किंमत सांगितलीच नाही. तीन वर्षांनी परत मिळणारी १,५०० रुपयांची अनामत आणि महिन्याला १५३ रुपयांचे रिचार्ज, अशी मांडणी होती. लोकांच्या मनातली ‘पैसे बुडतील’ ही भीती त्याने काढून घेतली. पण त्यामागे अफाट भांडवल आणि दरमहा येणारे रिचार्जचे पैसे होते. आपल्या पेटीला रिचार्ज नाही. छोट्या उद्योजकाने अनामत घ्यावी ती फक्त चाचणीच्या वीस-पंचवीस पेट्यांपुरती, आणि महिनाभराने नको असेल तर ती निमूट परत करावी.

केव्हा उतरायचे

मैंदर्गीच्या भोवती तूर, ज्वारी, ऊस. तुरीचे पैसे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत हातात येतात. मकर संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. तिथे सगळा जिल्हा आणि सीमेपलीकडची माणसेही येतात, आणि नव्या वस्तू पाहण्याची लोकांची मनःस्थिती असते. मार्च-एप्रिलमध्ये गुढीपाडवा. त्याच दिवशी कन्नड घरांत उगादी असते, म्हणजे दोन्ही भाषांच्या घरांत खरेदीचा मुहूर्त एकच. मग स्वामींची पुण्यतिथी आणि कडक ऊन. म्हणून पेटी दाखवायची संक्रांतीला, हारवाल्यांकडे चाचणीला द्यायची फेब्रुवारीत, आणि विकायची पाडव्याला. मे महिन्यात माल घेऊन येणाऱ्याला वाटते की ऊन आहे म्हणून विक्री होईल. पण तोवर ज्याला काही घ्यायचे होते त्याने घेतलेले असते.

कागदपत्रांवर थोडक्यात. पेटीसोबतचा अडॅप्टर आणि लिथियम बॅटरी असेल तर ती, यांना बीआयएसची नोंदणी लागते. ती हातात यायला वेळ जातो, म्हणून संक्रांतीच्या कितीतरी आधी अर्ज करावा. सूचनापत्रक मराठीत हवे आणि कन्नडमध्येही, आणि कन्नड पत्रक मराठीवरून ओढूनताणून केलेले नसावे. ते मैंदर्गीतल्याच कोणाकडून लिहून घ्यावे. त्यात पहिल्या ओळीत पेटी काय करत नाही ते असावे.

काय मोजायचे

चाचणीत किती पेट्या विकल्या हे मोजण्याची सवय आहे. त्याऐवजी तिसाव्या दिवशी किती पेट्या चालू आहेत ते मोजावे. छोटूकूल काय, ऊर्जा चूल काय, यंत्र घरात गेल्यानंतर त्याचे काय होते तिथेच खरी माहिती असते. कारागिराने महिन्याने फेरी मारावी आणि झाकण उघडून पाहावे. आत हार आहेत का, चॉकलेटे आहेत का, की नुसते कपडे आणि पावत्या ठेवल्या आहेत? कोणी आपल्याला न सुचलेली वस्तू ठेवली असेल तर ती वहीत लिहावी. पुढचा ग्राहक बहुधा त्या नोंदीतून निघतो.

दुसरी मोजणी, एका ग्राहकाच्या सांगण्यावरून किती जण विचारायला आले. तिसरी, बिघाड कोणत्या भागात. पंखेच जात असतील तर धूळ हे कारण, आणि जाळी बसवून काम भागेल. चकत्या जात असतील तर पुढचा माल थांबवला पाहिजे, मागणी कितीही असो. पंचवीस पेट्यांपैकी तिसाव्या दिवशी वीस चालू असतील, त्यांतल्या निम्म्या ग्राहकांनी आणखी कोणाला तरी पाठवले असेल आणि कारागिराकडे सुटे भाग शिल्लक असतील, तर मैंदर्गीच्या दुकानांकडे आणि घरांकडे वळायला हरकत नाही. आकडे याच्या खाली असतील तर आणखी पंचवीस पेट्या त्याच गल्लीत, दुरुस्त करून.

सीमा ओलांडायचा प्रश्न त्यानंतरचा. अफजलपूर आणि आळंद हे कलबुर्गी जिल्ह्यातले तालुके अक्कलकोटला लागून आहेत. तिथला शेतकरी इकडच्या बाजारात येतो आणि इथली पेटी पाहतोच. तो स्वतः येऊन घेऊन जातो तोवर अडचण नाही. पण मैंदर्गीचा दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला परराज्यात माल पाठवता येत नाही, म्हणून तिकडच्या विक्रीसाठी तिकडचाच नोंदणी असलेला दुकानदार लागेल, आणि त्याच्याजवळ शिकलेला दुसरा कारागीरही. तो कारागीर मैंदर्गीच्या कारागिराच्या हाताखाली महिनाभर बसवून तयार करावा. त्याचे शिक्षण पहिल्या पाडव्यानंतरच्या पावसाळ्यात, काम कमी असते तेव्हा सुरू केले, तर पुढच्या उगादीला अफजलपूरला पेटी नेता येईल.